एकचक्रेचा राक्षस आणि वीस बाजूंचा फासा

जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर एरंडोल लागतं. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. जवळच्या डोंगरात पद्मालय आहे. तिथे कमळांचं तळं, त्याच्या काठच्या देवळात दोन गणपती आणि पुढे रानात भीमकुंड. भीमानं बकासुराला मारलं ते या रानात, असं मानतात. एकचक्रेवर देशातल्या आणखीही गावांचा हक्क आहे आणि तो वाद आपल्याला सोडवायचा नाही. एखादी कथा गावाला चिकटते आणि मग त्या गावाचे डोंगर, पाणी, वाटा घेऊन जगू लागते, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. या प्रकरणाचा सगळा विषय त्यातच आहे.

आदिपर्वातली बकासुराची कथा मुळाबरहुकूम वाचली तर तिच्यात मारामारी थोडी आणि व्यवहार फार. राक्षस आणि नगरी यांच्यात करार झालेला आहे. पाळीपाळीनं एकेका घरानं गाडाभर भात, दोन रेडे आणि ते पोचवणारा एक माणूस द्यायचा. बदल्यात राक्षस परक्या शत्रूंपासून मुलूख राखणार. पाळी येते ती पांडव जिथे लपून राहिलेले असतात त्याच घरावर. मग घरातले एकेक जण बोलू लागतात. बाप म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी, मुलगी म्हणते मीच का नको. आणि सगळ्यात धाकटा, धड बोलताही न येणारा मुलगा हातात गवताची काडी घेऊन म्हणतो, हिनं मी त्या राक्षसाला मारतो. पलीकडे कुंती ऐकत असते. अडचण एक, माणसं चार, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आणि प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या स्वभावातून आलेलं. पुढे ज्या खेळाबद्दल सांगायचं आहे त्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

याच कुळातला एक राक्षस डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात छापला गेला. तिथून ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ नावाचं खेळांचं पत्रक निघत असे. त्यात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळासाठी राक्षसाचं वर्णन आणि त्याच्या ताकदीचे आकडे दिले होते. तो तिथे पोचला महाभारताच्या वाटेनं नव्हे, टीव्हीच्या वाटेनं. वर्षभरापूर्वी ‘कोलचॅक’ या अमेरिकन मालिकेच्या एका भागात राक्षस दाखवला होता. ज्याच्यावर तुमचा सर्वांत जास्त विश्वास, त्याचं रूप घेऊन तो समोर येई आणि मंत्रवलेल्या बाणानंच मरे. खेळातही तो बाण तसाच आला. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकारानं त्याला वाघाचं डोकं दिलं, अंगात झगा आणि तोंडात चिलीम दिली. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे तळहात उलटे झाले. रूप बदलण्याची विद्या आपल्याकडचीच आहे, मारीचाचा सुवर्णमृग कोण विसरेल? वाघाचं डोकं मात्र त्या चित्रकाराचं. आज जगभरातल्या लाखो खेळाडूंना राक्षस म्हटल्यावर तेच वाघाचं डोकं दिसतं. कराराची कथा, भाताचा गाडा आणि ते चार जणांचं बोलणं वाटेत गळून पडलं.

हा खेळ कसा चालतो ते आधी नीट सांगायला हवं. त्याला ठरलेला पट लागेलच असं नाही. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार. त्याच्यापाशी जगाचा नकाशा आणि त्या जगातल्या माणसांची, संकटांची टिपणं असतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात आणि त्या पात्राचं बळ, चपळाई, विद्या एका कागदावर आकड्यांत मांडून ठेवतात. पुढचं सगळं बोलण्यातून घडतं.

समजा, सूत्रधार जळगावचाच आहे आणि त्यानं मेहरूण निवडलं. तो म्हणतो, “पौषातली रात्र. मेहरूण तलावाच्या अलीकडे बोरीची बाग, बोरं तोडणीला आलेली. राखणदार तीन रात्रींपासून कोणाला दिसलेला नाही. खोपटातली चूल मात्र अजून कोमट आहे. काय करता?”

“मी चुलीतली राख उकरून बघते.”

“मी तलावाकडे जातो. काठानं नाही, बागेतून.”

“अंधारात, बोरीच्या काट्यांतून? टाक फासा.”

फासा वीस बाजूंचा. सूत्रधारानं बारा किंवा त्याहून जास्त दान मागितलं, तर ते पडण्याची शक्यता वीसात नऊ, म्हणजे ४५ टक्के. पात्र माग काढण्यात तरबेज असेल आणि त्याबद्दल कागदावर अधिक तीन लिहिलेले असतील, तर शक्यता वीसात बारा, म्हणजे ६० टक्के. चार पडले तर गडी काट्यात अडकला आणि आवाज झाला. सतरा पडले तर त्याला ओल्या मातीत पाऊलखुणा दिसल्या, पाण्याकडे गेलेल्या. परतीच्या मात्र नाहीत. पुढे काय घडणार हे त्या क्षणी सूत्रधारालाही पुरतं ठाऊक नसतं. लेखकाच्या हातातली गोष्ट इथे चौघांच्या आणि फाशाच्या हातात जाते.

या खेळाची पहिली पेटी जानेवारी १९७४ मध्ये निघाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे तिचे कर्ते. पेटीत तीन छोट्या पुस्तिका, आणि पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार. दोघे मूळचे युद्धपटाचे खेळाडू, शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळणारे. त्यांनी सैन्यांऐवजी एकेकटी माणसं घेतली आणि इतिहासाऐवजी अद्भुत कादंबऱ्या. १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाईड’च्या शेवटी गायगॅक्सनं आपण कोणाकोणाचे देणेकरी आहोत याची यादीच जोडली. ‘अपेंडिक्स एन’ म्हणून ती प्रसिद्ध आहे आणि तीत सगळे कादंबरीकार आहेत.

सर्वांना आठवतो टोल्कीन. पहिल्या छपाईत हॉबिट, एंट आणि बालरॉग सरळ त्यांच्याच नावांनी होते. टोल्कीनच्या कृतींचे व्यापारी हक्क असलेल्या कंपनीनं हरकत घेतली, तेव्हा पुढे त्यांची हाफलिंग, ट्रीएंट आणि बेलोर अशी नवी बारशी झाली. पण खेळाची हाडं टोल्कीनपेक्षा इतरांकडून जास्त आली. जॅक व्हान्सच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) मधल्या मांत्रिकाला मोजकेच मंत्र डोक्यात ठेवता येतात आणि एकदा उच्चारला की तो मंत्र स्मरणातून पुसला जातो. कादंबरीत ही एका थकलेल्या, विझत चाललेल्या जगाची खूण होती. गायगॅक्सनं त्यात हिशोब पाहिला: मांत्रिकाला आवर घालणारा नियम आयता मिळाला. खेळातला ट्रोल जखमा आपोआप भरून काढतो, तो पोल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’मधला. फ्रिट्झ लायबरची तर तऱ्हाच निराळी. त्यानं आणि त्याचा मित्र हॅरी फिशर यानं १९३७ मध्येच लांखमार या आपल्या कल्पित नगरावर एक घरगुती पटखेळ बेतला होता. १९७६ मध्ये गायगॅक्सच्याच कंपनीनं त्याची सोपी आवृत्ती बाजारात आणली.

कादंबरीकाराला एक मोठी सवलत असते. नायक ज्या वाटेनं जातो तेवढीच वाट त्याला रंगवावी लागते. वेशीवर जकात किती, दुष्काळात धान्य कुठून येतं, राजाशी भांडण झालेला सरदार कोणाच्या आश्रयाला जातो, हे त्यानं सांगितलं नाही तर वाचक विचारायला येत नाही. खेळाडू विचारतो. सूत्रधारानं पूर्वेकडे किल्ला मांडला असेल तर चौघांतला एक जण हटकून पश्चिमेकडे निघतो. त्यामुळे खेळासाठी रचलेल्या जगाला कडा कायमच्या कोऱ्या ठेवून चालत नाही. बाजारभाव, रस्ते, घराणी, दैवतं, वैरं, सण यांची नोंद असलेलं जे पुस्तक लागतं त्याला खेळाडू ‘सेटिंग’ म्हणतात. कादंबरी या चाळणीतून गेली की तिच्यातलं गाव कसाला लागतं.

मग हीच जगं उलट्या वाटेनं कादंबरीत येऊ लागली. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ ही कादंबरी १९८४ मध्ये निघाली. त्याच वर्षी त्याच कथेचे खेळही छापून येत होते. तिच्यातला रेस्टलिन हा कृश, कडवट मांत्रिक दबक्या, घोगऱ्या आवाजात बोलतो. हा आवाज लेखकांनी टेबलावर ऐकला होता: हिकमनच्या घरच्या खेळात टेरी फिलिप्स नावाचा मित्र रेस्टलिन झाला आणि तोंड उघडताच असा कुजबुजू लागला. मालिकेतलं सर्वांत लक्षात राहणारं पात्र ते हेच. कॅनडाचा एड ग्रीनवुड पोरवयापासून एका कल्पित जगाच्या गोष्टी लिहीत होता. पुढे त्यानं त्यात मित्रांना खेळवलं, १९८७ मध्ये ते ‘फरगॉटन रिअल्म्स’ म्हणून पेटीत आलं आणि त्यावर कादंबऱ्यांची रांग लागली. रेमंड फाइस्टची ‘मॅजिशियन’ (१९८२) मित्रमंडळींच्या खेळातल्या जगात घडते. जपानमध्ये ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ हे आधी मासिकात छापलेलं खेळाचं इतिवृत्त होतं, मग कादंबरी झालं.

यातल्या पुष्कळ कादंबऱ्या वाङ्मय म्हणून लंगड्या आहेत, असं माझं मत आहे. पात्रं पायऱ्या चढल्यासारखी बलवान होत जातात आणि वाचताना मागे फासे पडल्याचा आवाज ऐकू येतो. पण त्यांच्यातलं गाव खोटं वाटत नाही. त्या गावात शेकडो माणसं प्रश्न विचारत हिंडून आलेली असतात.

या सगळ्यांत आपल्या सर्वांत जवळ येतो तो मुहम्मद अब्द-अल-रहमान बार्कर. जन्मानं अमेरिकन, मूळ नाव फिलिप. १९५१ च्या सुमारास भाषांच्या अभ्यासासाठी तो भारतात आला आणि इथेच त्यानं इस्लाम स्वीकारला. पुढे मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवला. त्याचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ १९७५ मध्ये आला. टेकुमेल हे त्याचं जग युरोपच्या सरदारांचं आणि किल्ल्यांचं नाही. भारत, इजिप्त आणि मध्य अमेरिकेच्या जुन्या संस्कृतींच्या धर्तीवर त्यानं ते उभारलं. तिथे लोखंड दुर्मीळ, म्हणून चिलखत कमावलेल्या कातड्याचं. घोडे नाहीत, म्हणून प्रवास पायी. एक गोष्ट काढून घेतली की सगळा समाज कसा बदलतो, हे त्यानं शेवटपर्यंत विचार करून मांडलं. त्या जगाच्या भाषांची व्याकरणं केली. ‘द मॅन ऑफ गोल्ड’ (१९८४) ही कादंबरी त्याच जगातली. तो २०१२ मध्ये वारला. त्यानं टोपणनावानं ज्यूद्वेषी कादंबरीही लिहिली होती, हे दहा वर्षांनी त्याच्याच वारशाची राखण करणाऱ्या संस्थेनं मान्य केलं. टेकुमेल वाचताना ही माहिती बाजूला ठेवता येत नाही आणि ठेवूही नये.

मराठीत अद्भुत कादंबरी जवळजवळ कादंबरीइतकीच जुनी. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ त्याच दशकातली. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवरच्या निबंधात या कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर कडक टीका केली. पुढे हरिभाऊ आपटे आले आणि गंभीर मराठी कादंबरी वास्तवाच्या वाटेला लागली. अद्भुताला पोरांच्या खोलीत जागा मिळाली, १९५२ पासून ‘चांदोबा’त. अलीकडे मुग्धा कर्णिक यांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’मुळे टोल्कीनची महाकथा मराठीत आली, ही मोठी गोष्ट.

पण त्या जुन्या कादंबऱ्यांचं खरं दुखणं चमत्कार नव्हतंच. त्यांतली बहुतेक राज्यं बिनपत्त्याची आहेत. उद्यान, राजवाडा, अरण्य, पुन्हा उद्यान. तिथे कोणी खेळायला गेलं तर दुसऱ्या प्रश्नालाच जग संपेल. मराठीतलं अद्भुत पत्त्यासकट राहिलं ते स्थलमाहात्म्यांत आणि संतचरित्रांत. महानुभावांनी तर आश्चर्य वाटावं असं काम करून ठेवलं आहे. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या लीळा आहेत आणि तिच्या जोडीला ‘स्थानपोथी’ आहे: कोणती लीळा कोणत्या गावी घडली, तिथलं देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, कोणतं स्थान कशाच्या कोणत्या अंगाला, याची नोंद. ते भक्तीचं पुस्तक आहे, खेळाचं नाही. पण कथेचं एक पुस्तक आणि तिच्या जागांचं दुसरं ही जोडी मराठी गद्याच्या आरंभापाशीच सापडते.

खानदेशात तर अशा जागांची दाटी आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव. ज्याच्या नावाचं हे गाव तो चांगदेव म्हणजे चौदाशे वर्षं जगलेला, काळाला चुकवत आलेला, वाघावर बसून सापाचा चाबूक हाती घेणारा योगी. आणि त्याची गुरू होते एक लहान मुलगी, मुक्ताई. जवळच कोथळी-मेहूणला मुक्ताई तापीच्या काठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाली, अशी श्रद्धा आहे. तिची पालखी दर वर्षी तिथून पंढरपूरला निघते. उत्तरेला सातपुड्याच्या वाटेवर असीरगड. फारुकी सुलतानांचा हा गड अकबरानं १६०१ च्या जानेवारीत घेतला. आज तो मध्य प्रदेशात गेला, पण खानदेशाच्या कथेतून गेलेला नाही. कपाळावरची जखम घेऊन भटकणारा अश्वत्थामा पहाटे तिथल्या महादेवाला फूल वाहून जातो, असं लोक सांगतात. चाळीसगावजवळ पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं स्थापलेल्या मठाची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक गणित आहे: शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलाबदल करून किती मूर्ती होतील? उत्तर ३६,२८,८००. दैवताच्या रूपाकडे आकड्यांतून बघण्याची ही सवय खेळाच्या नियमकारांना फार नंतर लागली.

त्या सवयीला हद्द मात्र हवी. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये इंद्र, अग्नी, विष्णू, काली यांना अंगातल्या बळाचे आकडे दिले गेले. आकडा दिला की ते शून्यावर आणण्याचा बेत कोणीतरी करतोच. जिथे आजही पालखी निघते तिथल्या दैवताला आकडा देऊ नये. त्या दैवताचं स्थान, व्रत आणि नेम खेळात यावेत. लढाईत ते नकोच. दुसरी हद्द माणसांची. जंगलातली एक सबंध जमात दुष्ट मानून कापत सुटायचं, ही या खेळाची जुनी खोड. खानदेशची सेटिंग लिहायला बसलेला माणूस १८८० चं खानदेश गॅझेटियर उघडणारच, कारण घाट, पिकं, बाजार, जनावरं, जाती-जमाती इतकं एकत्र दुसरीकडे मिळणार नाही. पण ते पुस्तक राज्यकर्त्यांचं आहे. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारून ज्यांनी सातपुडा काबूत आणला, त्यांच्या नजरेतून त्यात भिल्ल दिसतो. त्या ओळी उतरवून घेतल्या तर विस्कॉन्सिनची चूक आपण खानदेशात करू. त्यापेक्षा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातली जुनी कागदपत्रं आणि कानबाईच्या रोटाला म्हटली जाणारी गाणी जास्त भरवशाची. २०२२ च्या एका अधिकृत खेळसंग्रहात मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्या आणि धुकं घेऊन साहस रचलं. आतल्या माणसानं लिहिलं की किती फरक पडतो, हे तिथे दिसतं.

सुरुवातीला जग लहान हवं. मेहरूण मध्ये ठेवावं आणि एका दिवसात पायी जाता येईल एवढाच मुलूख कागदावर उतरवावा: तलाव, बोरीच्या बागा, गिरणेचा काठ, आसोद्याची वाट, एक आठवडी बाजार आणि त्यातले भाव. राखणदार कोणाचा नोकर, त्याचं कोणाशी वाकडं, तलावातलं पाणी पहिलं कोणाच्या शेताला, ही तीन उत्तरं तयार असली की दोन रात्रींचा खेळ निघतो. तापीपलीकडचं कोणी विचारेपर्यंत कोरं राहिलं तरी चालतं. विचारलं की सूत्रधारानं त्याच बैठकीत उत्तर द्यायचं, वहीत लिहायचं, आणि पुढच्या बैठकीला ते बदलायचं नाही.